बिटकॉइन घेण्याआधी

कापसाच्या चुकाऱ्यातून बिटकॉइन, म्हणजे केवळ इंटरनेटवर चालणारे डिजिटल चलन, घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे. पीककर्ज फेडायचे आणि पुढच्या हंगामाच्या बियाण्याचे पैसे त्यात मुळीच घालू नका, हे आधी सांगतो.

2009 मध्ये सुरू झालेल्या या चलनाची संख्या 2.1 कोटींपुढे जाणार नाही आणि कोणतेही सरकार किंवा बँक ते मनाला येईल तसे छापू शकत नाही, हे त्याचे खरे बळ आहे. मात्र ज्याला मालक नाही, त्याची तक्रार ऐकायलाही कोणी नसते. चुकीच्या डिजिटल पत्त्यावर (बँकेतल्या खाते क्रमांकासारखा) गेलेली रक्कम परत मिळवून देणारा शाखाधिकारी येथे सापडणार नाही. वॉलेट, म्हणजे बिटकॉइन सांभाळणारे अ‍ॅप, उघडताना मिळणारे बारा किंवा चोवीस शब्द ही त्या पैशाची किल्लीच असते; ते कागदावर लिहा, त्यांचा मोबाइलवर फोटो काढू नका, आणि घर कौलारू असेल तर तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवा.

किराणा दुकानात यूपीआय असताना रोजच्या व्यवहारासाठी बिटकॉइनचा आपल्याकडे उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी यातील नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर लागतो, वर उपकर वेगळा, आणि झालेला तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही.

दरमहा ठरावीक परताव्याची हमी देणारा कोणी तालुक्याच्या गावी सभा घेत असेल, तर तिकडे फिरकूही नका.