ओकाझाकीचे पाच गोल

तुमच्या मुलाचे प्रशिक्षक त्याला ‘ओकाझाकीसारखा खेळ’ म्हणतात. तुम्ही आकडे काढून पाहिले, तर लेस्टर या इंग्लिश क्लबच्या विजेत्या हंगामात, २०१५-१६ मध्ये, लीगमध्ये ३६ सामने आणि ५ गोल. मग पुढे खेळणाऱ्या पोरासमोर हा आदर्श कशाला, असं तुम्ही विचारलंय. प्रश्न रास्त आहे. मी बरीच वर्षं जिल्हा लीगमध्ये फॉरवर्ड खेळलो, आता शनिवार-रविवार मुलांना शिकवतो, आणि जपानचा फॉरवर्ड शिंजी ओकाझाकी हा माझा अतिशय आवडता खेळाडू. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याला गोल करता येत नव्हते, हा समज आधी काढून टाका. लेस्टरला येण्यापूर्वी तो जर्मनीत माइन्झकडून खेळत होता. २०१३-१४ मध्ये, थॉमस टुखेल प्रशिक्षक असताना, त्याने बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, १५ गोल केले. एका हंगामात एवढे गोल तोवर कुठल्याच जपानी खेळाडूने तिथे केले नव्हते. आधीचा विक्रम शिंजी कागावाचा, १३ गोलांचा. पुढच्या वर्षी आणखी १२. त्याच्याही आधी श्टुटगार्टमध्ये त्याला बहुतेक वेळा डाव्या बाजूला खेळवलं आणि तिथे त्याचे गोल आटले. माणूस तोच, पाय तेच. जागा बदलली की आकडे बदलतात.

जपानसाठी तर ११९ सामन्यांत ५० गोल. त्याच्यापुढे फक्त दोघे, कुनिशिगे कामामोतो आणि काझुयोशी मिउरा.

आणि हे सगळं कुणी केलं? ह्योगो प्रांतातल्या ताकाराझुकात वाढलेल्या, जेमतेम पावणेसहा फुटांच्या, पायाने मंद समजल्या जाणाऱ्या मुलाने. २००५ मध्ये शिमिझू एस-पल्स या जपानी क्लबकडे आला तेव्हा आठ फॉरवर्डमध्ये त्याचा नंबर आठवा होता. मग त्याने धावण्याच्या प्रशिक्षकाकडे जाऊन पाऊल कसं टाकायचं इथपासून पुन्हा धडे घेतले. व्यावसायिक खेळाडूने धावणं नव्याने शिकायचं, याला किती मोठं मन लागतं बघा. ‘आयुष्यभर डायव्हिंग हेडर’ (म्हणजे झेप घेऊन डोक्याने चेंडू मारणं) हे लहानपणी मिळालेलं ब्रीद त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

आता दोन गोल मुलाला शेजारी बसवून दाखवा. पहिला ताश्कंदमधला, ६ जून २००९, उझबेकिस्तानविरुद्ध. केंगो नाकामुराच्या पासवर ओकाझाकीने फटका मारला, गोलरक्षकाने तो अडवला, आणि उसळलेला चेंडू त्यानेच पडता पडता डोक्याने आत घातला. जपान १-० जिंकला आणि २०१० च्या विश्वचषकाला पात्र ठरला. दुसरा गोल सहा वर्षांनंतरचा, ऑगस्ट २०१५, वेस्ट हॅमविरुद्ध, लेस्टरसाठी पहिलाच. हवेतल्या हवेत मारलेली त्याची व्हॉली गोलरक्षकाने अडवली, आणि परत आलेला चेंडू यानेच डोक्याने ढकलला. दोन्ही वेळा फटका मारून झाल्यावर तो थांबला नाही, हे बघायचं. आपली मुलं फटका अडला की डोक्याला हात लावून उभी राहतात. मैदानावर मला सगळ्यात जास्त ओरडावं लागतं ते याच एका गोष्टीसाठी.

लेस्टरचं गणित वेगळं होतं. प्रशिक्षक क्लाउडियो रानिएरी ४-४-२ खेळवत, म्हणजे चार बचावपटू, चार मध्यरक्षक आणि दोन फॉरवर्ड. पुढे जेमी वार्डी, त्याच्या किंचित मागे ओकाझाकी. प्रतिस्पर्धी बचावपटूकडे चेंडू आला रे आला की हा निघायचा. सरळ रेषेत नाही, कमान घेऊन. म्हणजे अंगावर धावताना मध्यरक्षकाकडे जाणारी पासची वाट पाठीमागे झाकलेली राहायची. बचावपटूसमोर दोनच पर्याय उरायचे, कडेला द्या नाही तर उंच मारा. कडेला दिला की तिथे एन्गोलो कान्टे टपून बसलेला. चेंडू हिसकावला की डॅनी ड्रिंकवॉटर किंवा रियाद माहरेझकडे, आणि पुढच्या क्षणी वार्डी मोकळ्या जागेत पळत सुटलेला. वार्डीचे २४ आणि माहरेझचे १७ गोल आपण मोजतो. त्यांच्या आधीची ती कमानीतली धाव गोलफलकावर कुठेच उमटत नाही.

क्रिकेटमध्ये हे आपल्याला चटकन कळतं. एका टोकाकडून निर्धाव षटकं पडतात आणि विकेट दुसऱ्या टोकाला मिळते, तेव्हा पहिल्या गोलंदाजाला कुणी नापास करत नाही. फुटबॉलमध्येही तोच हिशेब लावा.

त्यात दम इतका लागायचा की अनेकदा त्याला सामना संपण्याच्या बराच आधी बाहेर काढत. ताज्या दमाचा माणूस आत येई, गोल करायच्या शेवटच्या संधी त्याला मिळत. आकडा पाचवर राहिला, त्याचं हेही एक कारण.

तरीही ज्या रात्री गरज पडली त्या रात्री गोल त्याचाच होता. १४ मार्च २०१६, न्यूकॅसलविरुद्ध. आपल्याकडे रात्रीचा दीड वाजलेला. घरातले झोपले म्हणून मी आवाज बंद करून बघत होतो. पंचविसाव्या मिनिटाला वार्डीने डोक्याने चेंडू परत गोलसमोर दिला. ओकाझाकीची गोलकडे पाठ. त्याने क्षणभरही चेंडू खाली येऊ दिला नाही. अंग मागे झोकून दिलं आणि पाय डोक्यावरून नेत बायसिकल किक मारली. गोल! १-०, आणि सामना तिथेच ठरला. त्या मार्च-एप्रिलमध्ये लेस्टरने लागोपाठ चार सामने १-० नेच जिंकले, त्यांतला हा दुसरा. असल्या सामन्यात एका गोलाची किंमत काय असते, ते तुम्हीच ठरवा. २ मे रोजी चेल्सी-टॉटनहॅम बरोबरीत सुटला, मागून पाठलाग करणाऱ्या टॉटनहॅमला आता लेस्टरला गाठता येणार नव्हतं, आणि सट्टेबाजांनी ५००० ला १ असा भाव दिलेला संघ इंग्लंडचा विजेता झाला.

आता प्रशिक्षकांच्या म्हणण्याची दुसरी बाजू. स्वतः ओकाझाकीला ही धावपळ पुरेशी वाटत नव्हती. त्याला गोल करणारा फॉरवर्डच व्हायचं होतं, आणि ते तो उघड बोलायचा. लेस्टरमधल्या शेवटच्या हंगामात, २०१८-१९ मध्ये, लीगमध्ये त्याचा एकही गोल नाही. अशा वेळी तेहेतिसाव्या वर्षी पुष्कळ जण मायदेशी परततात. हा स्पेनला गेला, तोही दुसऱ्या श्रेणीत. मालागाने करार केला, पण पगारमर्यादेच्या नियमामुळे त्याची नोंदणीच होईना, आणि महिन्याभरात करार रद्द. हंगाम सुरू झालेला, हातात क्लब नाही. मग त्याच श्रेणीतल्या वेस्का क्लबने घेतलं. तिथे त्याला पुन्हा पुढे खेळवलं, त्याने १२ गोल केले आणि वेस्का ती श्रेणी जिंकून ला लिगात, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीत गेला. मला विचाराल तर हा हंगाम लेस्टरच्या पदकाइतकाच मोठा आहे. पुढे स्पेनमध्येच कार्ताहेना, मग बेल्जियममध्ये सिंट-ट्रुइडेन, आणि २०२४ मध्ये निवृत्ती. त्यानंतर तो माइन्झमधल्या बसारा या छोट्या, जपानी मंडळींनी उभ्या केलेल्या क्लबात प्रशिक्षक म्हणून उतरला.

तेव्हा प्रशिक्षकांना भेटा आणि नेमकं विचारा, ‘कुठला ओकाझाकी?’ लेस्टरचा म्हणत असतील तर मुलाला कमानीत कसं धावायचं, कुठली वाट झाकायची, हे ते शिकवताहेत का बघा. नुसतं ‘पळ, पळ’ चाललं असेल तर तो ओकाझाकी नव्हे. आणि त्याच सरावात पोराला रोज गोलसमोर पंधरा-वीस चेंडू मिळतात का, हेही विचारा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून गोलची भूक काढून घेऊन फक्त धावणं ठेवणं मला मान्य नाही, आणि ओकाझाकीलाही ते मान्य झालं नसतं.

मुलाचं वय आणि संघ कुठल्या रचनेत खेळतो ते लिहा. त्याच्या सामन्याचं चित्रीकरण असेल तर बघून सांगतो.