शेफ मिकीज मिळत नाही? मग एपकॉटमधल्या फिरत्या पंगतीला बसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला सहा जण जाताय. तुम्ही दोघं, आई-बाबा, 7 वर्षांची मुलगी आणि 2 वर्षांचा मुलगा. आई-बाबा शाकाहारी, अंडंही चालत नाही. मिकी टेबलापाशी येतो त्या शेफ मिकीज खानावळीचं बुकिंग मिळत नाही, ते कसं मिळवावं, आणि नाहीच मिळालं तर मुलीला मिकीबरोबर जेवायला कुठे न्यावं?

शेफ मिकीजचं आधी उरकतो. डिस्नेत टेबल दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं, त्यामुळे आदल्या रात्री आणि त्याच दिवशी सकाळी टेबलं सुटतात. डिस्नेचं ॲप उघडून बघत राहा. एकदम सहा जणांसाठी शोधू नका, आधी चौघांसाठी आणि मग दोघांसाठी शोधा. झालं.

खरं तर मिळालं नाही हे बरंच झालं. तुमच्या घरच्या मंडळींसाठी योग्य जागा डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट पार्कच्या 'द लँड' या मंडपात वरच्या मजल्यावर आहे, नाव गार्डन ग्रिल. डिस्नेला चारदा जाऊन आलेल्यांनाही ती माहीत नसते, कारण खाली सोअरिन या राइडची रांग असते, सगळे थेट तिकडे धावतात आणि वर कोणी मान करून बघत नाही. 1 ऑक्टोबर 1982 ला एपकॉट उघडलं त्या दिवसापासून ही खानावळ तिथे आहे. तेव्हाचं नाव 'द गुड टर्न', कारण अख्खी बैठक गोल फिरते. 1986 मध्ये ते 'लँड ग्रिल रूम' झालं आणि 1993 पासून आताचं. फिरते म्हणजे मेरी-गो-राउंडसारखी नव्हे, इतकी हळू की सूपसुद्धा हलत नाही. खालून 'लिव्हिंग विथ द लँड' ही होडीची सफर जाते. पर्जन्यवन, वाळवंट, गवताळ माळ, शेतावरचं घर हे तिच्यातले देखावे जेवता जेवता टेबलासमोरून सरकत जातात. फेरीचा सगळाच भाग देखाव्यांवरून जात नाही. आणि हरितगृहं टेबलावरून दिसत नाहीत, ती होडीतूनच बघायची असतात. त्या हरितगृहांतल्या भाज्यांचा काही हिस्सा याच स्वयंपाकघरात येतो. तिथल्या एका टोमॅटोच्या झाडाला वर्षभरात 32,194 टोमॅटो लागल्याची गिनीज बुकात नोंद आहे. बाबांना शेतीची आवड असेल तर एवढी एक गोष्ट त्यांना तिथे ओढून न्यायला पुरेल.

इथे येतात मिकी, प्लूटो, चिप आणि डेल. मिकी शेतकऱ्याच्या वेशात असतो. चिप कुठला आणि डेल कुठला यावर मुलं भांडतात: काळ्या नाकाचा चिप, लाल नाकाचा आणि दातांत फट असलेला डेल.

आता ज्यावरून आमच्या घरात कायम वाजतं तो मुद्दा. साडूंचं ठाम मत: पैसे मोजायचे तर बुफेला मोजावेत, हवं ते हवं तेवढं घेता येतं. शेफ मिकीज बुफे आहे. गार्डन ग्रिलमध्ये पंगत असते. तुम्ही बसायचं, वाढपी टेबलावर भांडी आणून ठेवतो, संपलं की पुन्हा मागायचं, कितीही वेळा, त्याच पैशांत. म्हणजे 'हवं तेवढं' दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की बुफेत ताट घेऊन उठावं लागतं, आणि कॅरेक्टर डायनिंगमध्ये, म्हणजे मिकी-गूफीसारख्या पात्रांसोबतच्या जेवणात, नेमकं तेच नडतं. पात्रं टेबलांवर फिरत असतात, प्रत्येक टेबलाला मिनिट-दोन मिनिटं मिळतात. तुम्ही मुलीसाठी वॉफल आणायला गेलात आणि तेवढ्यात गूफी येऊन गेला, की गेला. मग दोन मोठ्यांनी आळीपाळीने पहारा द्यायचा, दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन रांगेत उभं राहायचं, आजीने 'मला काही नको' म्हणत उपाशी बसायचं. लग्नातल्या बुफेला नावं ठेवणारी मंडळी डिस्नेत जाऊन बुफेचीच वकिली करतात, हे मला आजवर कळलेलं नाही. इथे कोणालाच उठावं लागत नाही. शिवाय जागा छोटी आहे, त्यामुळे तेच पात्र दुसऱ्यांदाही टेबलापाशी येण्याची शक्यता बरी असते. पहिल्यांदा घाबरलेल्या लहानग्यांना या दुसऱ्या फेरीचाच उपयोग होतो.

बसताना एक काळजी घ्या. बैठक सोफ्याच्या बाकांची असते. मुलीला वाटेकडच्या टोकाला बसवा, म्हणजे पात्र आलं की तिला लगेच उठून मिठी मारता येईल. आजीला टोकाला बसवलंत तर प्रत्येक पात्राच्या वेळी आजी उठणार. दोन वर्षांचा मुलगा आतल्या बाजूला, आईला चिकटून. तो रडला तर पात्रं स्वतःच मागे सरकून लांबून हात हलवतात. त्याला पुढे ढकलू नका, फोटो रडकाच येतो. सही घ्यायची असेल तर जाड पेन न्या, मोठ्या हातमोज्यांत बारीक पेन धरता येत नाही. बाहेरच्या कडेचं, देखाव्याच्या बाजूचं टेबल मागा. ते मिळेलच असं नाही, पण मागायला पैसे पडत नाहीत. मुलांची ढकलगाडी मंडपाबाहेरच ठेवावी लागते, तेव्हा दूध, टिश्यू, बदलायचे कपडे आधीच पिशवीत काढून घ्या. आणि मधेच हात धुवायला गेलात तर टेबल जिथे सोडलं होतं तिथे परत सापडणार नाही. ते पुढे सरकलेलं असतं. आजोबांना हे आधीच सांगून ठेवा.

शाकाहाराचं जरा सविस्तर सांगतो, कारण गडबड इथेच होते. पंगत असल्यामुळे वाढपी टेबलासाठी एकत्रच वाढून आणतो. दुपारी आणि रात्री त्यात मांसाचे प्रकार असतात, सोबत सॅलड, पाव, बटाटा, भाज्या, मुलांसाठी मॅकरोनी-चीज, शेवटी गोड. सकाळी अंडी, बेकन, वॉफल्स, दालचिनीचा चिकट गोड पाव. पहिलं भांडं टेबलावर येण्याआधी, पाण्याचे ग्लास ठेवले जात असतानाच सांगायचं की दोघं मांस आणि अंडं खात नाहीत, त्यांचं वेगळ्या भांड्यात आणा. मांसाला आणि भाजीला एकच चिमटा लागला की आई ते ताट बाजूला सारणार, आणि मग पुढचा अर्धा तास वाया.

तिथे शब्द नीट वापरा. 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर त्यात अंडं धरलेलं असतं. डिस्नेच्या मेनूवर पानाच्या खुणेचा जो 'प्लांट-बेस्ड' प्रकार आहे, त्यात मांस, अंडं, दूध, मध यांतलं काहीच नसतं. म्हणून आई-बाबांसाठी मुख्य पदार्थ प्लांट-बेस्ड मागा आणि दुधाचं चालतं हे वेगळं सांगा, नाहीतर लोणीसुद्धा टेबलावर येणार नाही. भाजीत बेकन आहे का, बटाट्यावरची ग्रेव्ही मांसाच्या रसाची आहे का, गोडात जिलेटिन आहे का, हे तीन प्रश्न ठरलेले. वाढप्याला खात्री नसेल तर 'शेफशी बोलता येईल का' विचारा. डिस्नेत शेफ टेबलापाशी येतो, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर नुसतं 'जैन' म्हणून कोणाला कळणार नाही, एकेक जिन्नस मोजून सांगावा लागतो. अंडं पूर्ण वर्ज्य असेल तर नाश्त्याची वेळ घेऊ नका. तिथलं निम्मं ताट अंड्याचं, आणि वॉफलच्या पिठातही अंडं.

म्हणजे जेवणाचीच वेळ. पण कुठली? डिसेंबरात फ्लोरिडा भारताच्या साडेदहा तास मागे असतं. तिथे दुपारचे 4 म्हणजे पुण्यात रात्रीचे अडीच. पहिल्या दोन-तीन दिवसांत 4 ची वेळ घेतलीत तर मुलगी मिकीच्या खांद्यावर झोपेल. त्या दिवसांत सकाळी साडेअकराच्या आसपासची, जेवणाची अगदी पहिली वेळ बघा. शरीराला ते रात्रीचे दहा वाटतात, जाग टिकते. चौथ्या दिवसानंतर मात्र दुपारी साडेतीन-चार उत्तम. ती वेळ कोणाला नको असते, म्हणून टेबल मिळतं आणि गर्दीही कमी असते.

जेवण आणि खालची सफर यांची सांगड घाला. सोअरिनला किमान उंची 40 इंच लागते. मुलगी बसेल, मुलगा नाही. रायडर स्विच मागा, म्हणजे एक पालक मुलासोबत थांबतो आणि नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता बसतो. होडीला उंचीची अट नाही, तिथे सहाही जण एकत्र जाऊ शकता. ती जेवणानंतर करा. वरून पाहिलेले देखावे खालून दिसतात, आणि मान वर केलीत तर इतर लोक जेवताना दिसतात. मुलांना ही अदलाबदल फार आवडते.

बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. 20 डिसेंबरचं टेबल 21 ऑक्टोबरला. फ्लोरिडात पहाटे 6 च्या आतबाहेर यादी सुरू होते, तुम्ही पावणेसहापासूनच तयार बसा. ऑक्टोबरात म्हणजे आपल्याकडे दुपारी सव्वातीन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर बुकिंग करणाऱ्यांना तोच प्रकार सव्वाचारला. डिस्नेच्याच हॉटेलात राहत असाल तर चेक-इनच्या 60 दिवस आधी पुढच्या 10 दिवसांपर्यंतचं सगळं एकदम बुक करता येतं. शेफ मिकीज तुमच्याआधी संपतं ते याच लोकांमुळे, आणि म्हणूनच डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांनी हवं ते टेबल मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत शोधायचं. सहा जणांचं मिळत नसेल तर त्याच वेळेची 4 आणि 2 अशी दोन घ्या आणि पोचल्यावर शेजारी बसवण्याची विनंती करा. हमी नाही. बुकिंगला कार्ड लागतं. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून ठेवा, नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात आणि ऐन वेळी टेबल निसटतं. न सांगता गैरहजर राहिलात तर माणशी 10 डॉलर कापतात.

खर्च दिवसागणिक बदलतो, पण अंदाजासाठी मोठ्यांना 60 आणि 3 ते 9 वयाच्या मुलांना 40 डॉलर धरा. 3 वर्षांखालचं फुकट. चार मोठे 240, मुलगी 40, एकूण 280. त्यावर साडेसहा टक्के कर 18.20. सहा किंवा जास्त जणांच्या बिलात 18 टक्के टीप आपोआप जोडतात, 50.40. बेरीज 348.60 डॉलर. बिल वाचून सही करा. टीप आधीच जोडलेली असताना खालच्या रिकाम्या ओळीत पुन्हा टीप लिहिणारे आपले लोक कमी नाहीत.

राहिलेल्या अडचणी सांगतो. गार्डन ग्रिल पार्कच्या आत आहे, त्यामुळे त्या दिवशीचं एपकॉटचं तिकीट 3 वर्षांवरच्या सगळ्यांना लागतंच. शेफ मिकीज कंटेम्पररी हॉटेलात आहे, तिथे तिकीट लागत नाही. साडूंच्या बाजूने एवढं मान्य करावं लागेल. मिनी, डोनाल्ड, गूफी गार्डन ग्रिलमध्ये नसतात. मुलगी मिनीसाठी हट्ट धरणार असेल तर माझी सगळी वकिली फोल. राजकन्या हव्या असतील तर एपकॉटमध्येच नॉर्वेच्या मंडपात अकर्शुस ही खानावळ आहे. आणि बुफेच हवा असेल तर शेफ मिकीजपेक्षा अ‍ॅनिमल किंगडम या डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कमधलं टस्कर हाउस घ्या. डोनाल्ड, डेझी, मिकी, गूफी चौघंही भेटतात आणि जेवणाला जरा मसाला असतो. बाबांना तिसऱ्या दिवशी काहीच तोंडात घालवेना झालं तर अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना खानावळीत न्या. पात्रं नाहीत, पार्कचं तिकीट नको, गरम नान आणि सोबत चटण्यांच्या वाट्या मिळतात. मात्र तिथेही बुकिंग आधीच करा, संध्याकाळच्या उजेडातल्या वेळा लवकर संपतात, कारण खिडकीबाहेर जिराफ चरत असतात.