सिनॅप्स: सांधा नव्हे, सांदी

दापोलीकडच्या एका विज्ञान शिक्षिकेने विचारलंय की ‘सिनॅप्स’ला, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो त्या जागेला, मुलांपुढे सांधा म्हणावं की जोड? गावात कंपवाताची (पार्किन्सन्सची) माहिती देतानाही त्यांना तोच शब्द वापरायचा आहे.

ताई, दोन्ही नकोत. सांधा म्हटलं की गुडघा आठवतो, जोड म्हटलं की वायरीला वायर पिळलेली. इथे एका चेतापेशीचं टोक दुसरीला टेकतच नाही. मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. एका कागदाच्या जाडीत अशा पाचेक हजार फटी मावतील. गोल्जी आणि काहाल या शास्त्रज्ञांचा वाद याच मुद्द्यावर होता. गोल्जी म्हणत, सगळं एक अखंड जाळं. काहाल म्हणत, प्रत्येक पेशी सुटी. १९०६चं नोबेल दोघांत विभागून गेलं, खरं मात्र काहालचं निघालं. १८९७ सालचा ‘सिनॅप्स’ हा शब्दही ग्रीकमधल्या ‘एकत्र धरणे’वरून घडवलेला, म्हणजे त्यातही फट दिसत नाही.

आपल्याकडे ती दिसते. दोन घरांमधली अरुंद जागा ती सांदी. सांधा आणि सांदी दोन्ही ‘संधि’चीच लेकरं, संस्कृतात चोराने भिंतीला पाडलेल्या भगदाडालाही संधी म्हणत. सिनॅप्ससाठी ‘चेतासंधी’ हा शब्द लिहायला चांगला, पण व्याकरणातल्या संधीत विद्या आणि आलय मिळून विद्यालय होतं हे शिकलेल्या मुलांना वाटतं, पेशीही तशाच एकमेकींत मिसळल्या.

शिकवताना दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट आठवेल, पण ती उपमा जपून वापरा. विजेचा संदेश टोकाशी पोचला की कॅल्शियम आत शिरतं आणि रसायनाच्या पिशव्या कडेला चिकटून उघडतात. पिशवी सांदी ओलांडत नाही, अलीकडच्याच काठावर रिकामी होते. रसायनाचे रेणू आपसूक पसरत पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहींवर, म्हणजे ते रेणू टिपणाऱ्या जागांवर, जाऊन बसतात. हे सगळं मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं. मग उरलेलं रसायन परत ओढून घेतलं जातं किंवा तिथेच तोडलं जातं. हा शेवटचा टप्पा हमखास गाळला जातो, आणि मग नैराश्यावरच्या गोळ्या कळतच नाहीत: त्यातल्या बऱ्याच, सेरोटोनिन नावाचं असंच एक रसायन परत ओढणं रोखतात.

कंपवातात डोपामिन हे असंच दुसरं रसायन बनवणाऱ्या पेशीच हळूहळू मरत जातात. ‘जोड सुटला’ असं सांगितलं तर घरचे विचारणार, मग जोडून का देत नाहीत? ‘सांदीत डोपामिन कमी पडतंय’ म्हटलं की लेव्होडोपाची गोळी कशाला, तेही कळतं. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. असर उतरला की थरथर परत सुरू, म्हणून वेळा पाळायच्या. मासळीच्या जेवणातली प्रथिनंही लेव्होडोपाची वाट अडवतात, त्यामुळे गोळी बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. नेमकी वेळ डॉक्टरांनाच विचारायची.

एक अपवाद सांगायला हवा. काही चेतापेशी सूक्ष्म नळ्यांनी खरोखरच एकमेकींना जोडलेल्या असतात आणि वीज थेट आरपार जाते. ‘जोड’ हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवा.