रोजच्या वापरातली ऑडी टीटी किती खाली करावी? नुसत्या स्प्रिंग्स की कॉइलओव्हर (उंची फिरवून बदलता येणारा शॉक-स्प्रिंगचा जोड)?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की खारघर ते ऐरोली रोजचं जाणं-येणं, सेकंड हँड घेतलेली टीटी, ५८ हजार किलोमीटर झालेली, ४० मिलीमीटर खाली करायचीय आणि गॅरेजवाला म्हणतोय नुसत्या स्प्रिंग्स टाका, बाकी कशाला हात लावायची गरज नाही. सरळ सांगतो भाऊ, ४० विसरा, २५ वर या, आणि जुन्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरवर नुसत्या स्प्रिंग्स अजिबात टाकू नका. का ते सांगतो, थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

मी घोडबंदर रोडला राहतो, माझ्याकडे ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. तुमची टीटी आणि माझी गाडी दोन्ही फोक्सवॅगन ग्रुपच्या एमक्यूबी या एकाच सांगाड्यावरच्या, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात), मागे मल्टीलिंक (चाकाला धरणारे अनेक दांडे), म्हणजे चुलत भावंडंच म्हणा. आणि तुम्ही जे करायला निघालाय ते मी करून बसलोय. टायर आणि फेंडरमधली ती चार बोटांची फट डोळ्यात खुपायची, म्हणून ३५ मिलीमीटरच्या स्प्रिंग्स आणल्या आणि ६० हजार चाललेल्या कंपनीच्या शॉकवर चढवल्या. पहिले दोन दिवस पार्किंगमधून लिफ्टकडे जाताना चार वेळा मागे वळून बघायचो, इतकी भारी दिसत होती. तिसऱ्या दिवशी माजिवड्याच्या उड्डाणपुलावर एका जोडावर गाडी अशी धाडकन आपटली की बायको म्हणाली गाडी बाजूला घे, काहीतरी तुटलं. तुटलं काहीच नव्हतं. बंपस्टॉप लागले होते.

खरा विषय इथे आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच चुकतात. शॉकच्या दांड्यावर फोमसारखा एक तुकडा असतो तो बंपस्टॉप. समजा स्टँडर्ड गाडीत उभ्या अवस्थेत त्या तुकड्यापर्यंत ५० मिलीमीटर जागा आहे आणि तुम्ही ४० खाली केलीत, तर उरली १०. आपल्या रस्त्यावर १० मिलीमीटर म्हणजे काहीच नाही, मॅनहोलचं झाकण त्याहून जास्त खाली गेलेलं असतं. मग गाडी स्प्रिंगवर चालतच नाही, बंपस्टॉपवर चालते, आणि लोक म्हणतात स्प्रिंग फार कडक निघाल्या. स्प्रिंग बिचारी स्टँडर्डपेक्षा थोडीशीच कडक असते हो, दोष तिचा नसतो, दोष जागा संपल्याचा असतो. वर जुना शॉक आधीच दमलेला, तो या कडक स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही, म्हणून खड्ड्यानंतर गाडी दोनदा-तीनदा डोलत राहते. हायवेला ८० च्या वर गेल्यावर हे डोलणं पोटात कळतं.

हे स्वतः तपासायला पैसे लागत नाहीत. चाक काढून शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक साधा केबल टाय आवळा, खाली बॉडीला टेकवून, मग रोजच्या रस्त्याने ऑफिसला जाऊन या आणि तो किती वर सरकलाय बघा. बंपस्टॉपमध्ये घुसलेला दिसला तर उत्तर मिळालं. काही महागड्या शॉकमध्ये दांडा उलटा, आत झाकलेला असतो, तिथे हे जमत नाही, पण तुमच्या कंपनीच्या शॉकवर आजच्या उंचीला करून बघा. खाली करायच्या आधीच किती जागा वापरली जातेय ते कळेल, आणि तो आकडा बघून निम्मी हौस तिथेच फिटते.

दुसरी टेस्ट माझी स्वतःची आहे, हसू नका. स्टेशनरीच्या दुकानातून जाड थर्मोकोल आणा, जितकी खाली करायचीय तितक्या जाडीच्या पट्ट्या कापा आणि पुढच्या बंपरच्या ओठाखाली, मध्ये साईड सिलखाली आणि पोटाखालच्या प्लास्टिक कव्हरला दुहेरी टेपने चिकटवा. एक्झॉस्टपासून लांब ठेवा, वितळेल. आणि एक आठवडा नेहमीसारखी गाडी चालवा. सोसायटीचा रॅम्प, ऑफिसचं बेसमेंट, सासरवाडी, पेट्रोल पंप, सगळीकडे. दुसऱ्या वेळी, म्हणजे त्या पहिल्या फजितीनंतर, मी शहाणा झालो होतो, आधी ३५ च्या पट्ट्या लावल्या तर तिसऱ्याच दिवशी पुढची पट्टी आमच्या पोडियमच्या रॅम्पवर अर्धी राहिली आणि वॉचमन काका पांढरा चुरा झाडत मला विचारत होते की फ्रिज घेतला का नवीन. २५ च्या पट्ट्या आठवडाभर टिकल्या, फक्त एक कोपरा खरवडला. तिथेच २५ ठरलं, इंटरनेटवर वाचून नाही.

स्पीडब्रेकरचं गणित पण सांगतो कारण सगळे ब्रेकर सारखे नसतात. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) नियमातला गोल ब्रेकर १० सेंटीमीटर उंच पण ३.७ मीटर लांब असतो, १७ मीटर त्रिज्येचा. टीटीचा व्हीलबेस साधारण अडीच मीटर, म्हणजे चारही चाकं एकाच वेळी ब्रेकरवर असतात आणि गाडीच्या मध्यात पोटाखाली ब्रेकर जेमतेम ४६ मिलीमीटर वर येतो. असा ब्रेकर खाली केलेली गाडीही आरामात जाते. वाट लावतात ते सोसायटीच्या गेटवरचे, कुणीतरी उरलेल्या सिमेंटचा घातलेला हातभर रुंद आणि वीतभराच्या खाली-वर उंच असा गाढवाच्या पाठीसारखा उंचवटा, तिथे पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायचीत आणि अख्खी उंची पोटात. त्यात मागे कोणी बसलेलं असेल, टाकी फुल असेल तर गाडी आणखी बसते. असे ब्रेकर तिरके घ्यायचे हे तुम्हाला माहीत असेलच, पण मागचा रिक्षावाला तिरकं घेऊ देतो का हा वेगळा विषय.

अजून एक गोष्ट, जी गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत. मॅकफर्सन स्ट्रटवाली गाडी फार खाली केली की कॉर्नरिंग सुधारतच जातं असं नाही. पुढचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) स्टँडर्डला चाकाकडे थोडा उतरता किंवा आडवा असतो, गाडी जास्त बसवली की तो चाकाकडे वर चढायला लागतो. गाडीचं वजनाचं केंद्र खाली जातं खरं, पण गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर त्याहून झपाट्याने खाली जातो, दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडीला कलायला उलट जास्त जोर मिळतो. मग तो आवरायला आणखी कडक स्प्रिंग, आणखी त्रास. २०-२५ पर्यंत हे फारसं जाणवत नाही, म्हणून तो आकडा मला रोजच्या गाडीसाठी पटतो. येऊरच्या चढावर सकाळी दहा मिनिटं मजा येते म्हणून ठाणे-बेलापूर रोडला रोज दोन तास कंबर मोडून घ्यायची का, हे तुम्ही ठरवा.

आता काय घ्यायचं. ५८ हजार किलोमीटरच्या गाडीत शॉक तसेही बदलायला आलेत, म्हणून शॉक आणि स्प्रिंग जोडीनेच घ्या. माझ्या मते तुमच्यासाठी बिल्स्टीन बी८ सारखे शॉक आणि सौम्य ड्रॉपच्या आयबाख स्प्रिंग्स, हा जोड कंपनी बी१२ म्हणून एकत्र किटमध्येही देते. बी८ खास खाली केलेल्या गाड्यांसाठी आखूड केलेला असतो, म्हणून शॉकची हालचाल बऱ्यापैकी शाबूत राहते. बी६ घेऊ नका, तो स्टँडर्ड लांबीचा आहे, नावातल्या एका आकड्याच्या फरकाने लोक फसतात. ऑर्डर करताना बघा की किट २५ च्या आसपासच बसवतंय, काही किट पुढे-मागे वेगवेगळं बसवतात.

कॉइलओव्हर वाईट नाहीत, उंची हवी तशी ठेवता येते हा मोठा फायदा, पण खरं सांगू का, रोजच्या गाडीत लोक एकदा उंची ठरवतात आणि पुन्हा कधी हात लावत नाहीत. घ्यायचेच असतील तर केडब्ल्यू व्ही१ किंवा बिल्स्टीन बी१४ पुरे, दोघांत डॅम्पिंग (शॉक उसळी किती आवरतो ते) फिक्स असतं, कंपनीने बसून ठरवलेलं. व्ही३ मध्ये शॉक ताणतानाचं रिबाउंड आणि दबतानाचं कम्प्रेशन दोन्ही फिरवता येतं, पण चुकीचं फिरवायची सोयही तितकीच. स्वस्तातले ते बत्तीस क्लिकवाले सेट मात्र टाळा, नॉब फिरवल्याचा आवाज येतो, फरक पडत नाही, आणि स्प्रिंग दगडासारख्या. आणि हो, स्प्रिंग कापून देतो म्हणणाऱ्या माणसाकडे गाडी ठेवूनही येऊ नका. कापलेली स्प्रिंग जॅकवर चाक लटकलं की बैठकीतून निसटते.

नवी मुंबईत खाडीची हवा आहे, पाम बीच रोडला एका बाजूला खारफुटीच आहे, त्यामुळे कॉइलओव्हरचे आटे पहिल्या पावसाळ्यातच गंजून जाम होतात, मग उंची बदलायला हातोडा लागतो. केडब्ल्यूच्या स्टेनलेस स्टीलच्या बॉडीचा फायदा इथे आहे. दुसरं काही घेतलंत तर मे महिन्यात आटे ब्रशने धुऊन वॅक्सचा स्प्रे मारा.

ऑर्डर करण्याआधी पुढच्या स्ट्रटचा व्यास मोजा, अगदी हातात व्हर्नियर घेऊन, कारण एमक्यूबी गाड्यांत ५० आणि ५५ मिलीमीटर असे दोन प्रकार येतात, चुकीचा आला तर नकलमध्ये (चाकाजवळचा, स्ट्रट धरणारा भाग) बसणारच नाही. चॅसिस कोड, म्हणजे टीटीच्या तुमच्या पिढीचा कोड, ८एस. गाडीत मॅग्नेटिक राइड (विजेने कडकपणा बदलणारे शॉक) असेल तर वेगळा विचार, ते शॉक काढले की डॅशबोर्डवर एरर येते, त्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं.

फिटिंगच्या वेळी तिथे उभे राहा. एकच गोष्ट बघायची, लोअर आर्म आणि मागच्या लिंक्सचे बुशवाले (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना फायनल टाइट करू देऊ नका. रबरी बुश ज्या कोनात आवळलं त्यालाच सरळ समजतं, मग गाडी खाली उतरली की ते कायम पिळलेलं राहतं, गाडी बसतही नाही नीट आणि बुश वर्षभरात फाटतं. चाकांवर वजन आल्यावर किंवा आर्मला तितका जॅक देऊन टाइट करायचे. बोल्टही या गाड्यांत बरेचसे एकदाच वापरायचे असतात, नवे आणून ठेवा. वरचे माउंट आणि बेअरिंग जुने असतील तर तेव्हाच बदला, नाहीतर स्टिअरिंग फिरवताना टणटण ऐकत बसाल आणि लेबर दोनदा द्याल.

उंची मोजताना जमिनीपासून नाही, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, टायरची हवा मध्ये येत नाही. आधीचे चारही आकडे लिहून ठेवा.

मग अलाइनमेंट. थोडे दिवस चालवून स्प्रिंग्स बसल्या की करा, आणि प्रिंटआउट घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मी पहिल्या वेळी एका ठिकाणी केलं, तिथला पोरगा म्हणाला मागचं सेटिंग रेंजमध्ये येत नाही, चालतं. मी पण मान डोलावली. नऊ हजार किलोमीटरमध्ये मागचे दोन्ही टायर आतल्या बाजूने तारेपर्यंत आले, बाहेरून बघितलं तर नवे कोरे. लोक कॅम्बरला (चाकाचा आत-बाहेर झुकाव) शिव्या देतात, पण टायर खरं खातो तो टो (चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणं), कॅम्बर फक्त कुठून खायचं ते ठरवतो. टो शून्याच्या जवळ आणला की थोडा निगेटिव्ह कॅम्बर टायर निमूट सोसतो. टायरही १८ चेच ठेवा, २४५/४० ला साईडवॉल ९८ मिलीमीटर मिळते, १९ च्या २४५/३५ ला ८६. हे १२ मिलीमीटर तुरभ्याच्या खड्ड्यात रिम वाचवतात. आणि व्हीसीडीएस (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं सॉफ्टवेअर) असणाऱ्या माणसाकडून हेडलाइटची लेव्हल पुन्हा कॅलिब्रेट करून घ्या.

कायद्याचं झाकून ठेवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या जानेवारीतला सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं करायला मोकळीक देत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इन्शुरन्सवालाही क्लेमच्या वेळी हेच काढू शकतो. मी हे माहीत असून केलंय, तुम्हीही माहीत असून करा. जुने शॉक-स्प्रिंग भंगारात देऊ नका, विकताना लागतात. माझे बेडखाली आहेत, घरात त्यावरून अधूनमधून बोलणं होतंच.

शनिवारी सकाळी मी बहुतेक पाम बीचला असतो. किट मागवण्याआधी माझ्या गाडीत बसून बघा, हवं तर मागच्या सीटवर बसा. टीटीच्या मागच्या सीटवर तसंही कोणाला बसवता येत नाही.