मामाचा पाना आणि सिअर्स

प्रश्न : ताई, माझं सांगलीत माधवनगर रोडला गॅरेज आहे. शिकागोच्या मामांनी 1986 ला येताना मला क्राफ्ट्समनचा गोटी पान्याचा सेट आणलेला. ते म्हणायचे, हे सिअर्स या अमेरिकेतल्या मोठ्या दुकान कंपनीचं आहे, तुटलं तर बिल न बघता नवीन देतात. गेल्या महिन्यात रॅचेटचे, म्हणजे एकाच बाजूला पकडणाऱ्या दांड्याचे, दात गेले. पोरगी तिकडं शिकतीय, ती म्हणते सिअर्स जवळजवळ संपलंच. एवढी मोठी कंपनी बुडते कशी?

उत्तर : दादा, मामा बरोबर सांगायचे. क्राफ्ट्समन हे नाव सिअर्सनं 1927 ला आणलं आणि हातातल्या टूल्सना खरंच जन्मभराची गॅरंटी होती. आमच्या साताऱ्यातल्या घरी आत्यानं सिअर्सचा जाडजूड कॅटलॉग आणलेला, शिलाई मशीनपासून मासेमारीच्या गळापर्यंत सगळं त्यात, सुट्टीत आम्ही भावंडं त्यावरनं भांडायचो म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

रिचर्ड सिअर्स मूळचा रेल्वे स्टेशनवरचा माणूस, 1886 ला एका दुकानदारानं नाकारलेली घड्याळं त्यानं विकली आणि तिथनं धंदा सुरू झाला. पुढं पोस्टानं माल. लांबच्या शेतकऱ्याला गावातला एकच दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागायचा, ते थांबलं. जुन्या कॅटलॉगमध्ये चक्क लिहिलेलं असायचं की कुठल्याही भाषेत, जमेल तसं लिहा, अक्षर वाईट असलं तरी चालेल. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना दुकानात गोऱ्यांचं झाल्याशिवाय कोणी विचारायचं नाही, त्यांनाही घरबसल्या त्याच भावात तीच वस्तू मिळायला लागली, मला तर ही सिअर्सची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. 1908 ते 1940 अख्खी घरं विकली त्यांनी, कापलेलं लाकूड, खिळे, नकाशा, सगळं रेल्वेनं यायचं!

1973 ला शिकागोत 110 मजली टॉवर बांधला, तेव्हा जगात सगळ्यात उंच. पण वॉलमार्ट स्वस्त देत होतं, गिऱ्हाईक तिकडं गेलं. आणि 1993 ला तोट्यात आहे म्हणून तो मोठा कॅटलॉगच बंद केला, पुढच्याच वर्षी ॲमेझॉन कंपनी निघाली. घरपोच माल द्यायचा शंभर वर्षांचा अनुभव यांच्याकडं होता हो, याचं मला अजून वाईट वाटतं. 2005 ला केमार्ट या दुसऱ्या दुकान कंपनीशी एकत्र केलं, मग दुकानांवर खर्च होईना, मोक्याच्या जागा विकल्या, 2017 ला क्राफ्ट्समन विकलं आणि 2018 च्या ऑक्टोबरात दिवाळखोरी.

तुमचा पाना मात्र टाकू नका. क्राफ्ट्समन आता स्टॅनली ब्लॅक अँड डेकर या टूल्सच्या कंपनीकडं आहे. दांड्यावरचा नंबर आणि फोटो पोरीला पाठवा, तिला तिथं चौकशी करू दे, आणि तोवर आतली दातेरी बदलता येते का ते एकदा डोकं उघडून बघा.