मिग-२१च्या नाकात वजन किती आणि कशानं चिकटवायचं

तुमच्या मिग-२१ लढाऊ विमानाच्या १/७२ प्रमाणातल्या प्लास्टिक मॉडेलच्या फ्युजलाजच्या (धडाच्या) दोन्ही बाजू अजून चिकटवलेल्या नाहीत, हे फार बरं झालं. सूचनापत्रात नुसतं ‘नाकात वजन घाला’ असं छापलंय, किती घालायचं आणि कशानं चिकटवायचं हे दिलेलं नाही, असं तुम्ही विचारलंय.

आधी वजनाचं. मिग-२१चे डेल्टा पंख, उभी शेपटी, आडव्या शेपट्या सगळं मागच्या अर्ध्यात येतं आणि नाक म्हणजे हवा आत घेणारी पोकळ नळी. खऱ्या विमानात बहुतेक आवृत्त्यांच्या नाकातल्या कोनात (शंकूसारख्या टोकात) रडार असतं, मागे उपकरणं, वैमानिक, इंधन. त्यानं तोल साधतो. किटमध्ये तिथे सगळं पोकळ, म्हणून मॉडेल शेपटीवर बसतं. ग्रॅमचा आकडा सांगत नाही, कारण प्रत्येक किटचं प्लास्टिक कमीजास्त जाड असतं. त्यापेक्षा मोजून बघा. फ्युजलाज, पंख, शेपट्या, खाली लावायच्या टाक्या, क्षेपणास्त्रं हे सगळं मास्किंग टेपनं जोडा. मागची चाकं जिथे टेकतात, बरोबर त्या रेषेवर खालून दोन बोटांचा आधार द्या. नाकावर टेपनं एकेक वजन वाढवत जा. नाक सावकाश खाली झुकलं की त्यावर थोडं जास्तीचं घ्या. फार नको, पुढच्या चाकाचा पाय काडीसारखा बारीक असतो, तो कालांतरानं वाकतो.

वजन जितकं पुढे तितकं कमी लागतं. चाकांपासून दुप्पट अंतरावर ठेवलं तर निम्म्यात भागतं. म्हणून या विमानात पहिली जागा नाकातला कोन. तो बहुधा वेगळा भाग असतो आणि आतून पोकळ. तो गच्च भरा, उरलेलं कॉकपिटच्या पुढे, पुढच्या चाकाच्या खणाच्या वर.

आता चिकटवणं. शिशाचे छर्रे घेणार असाल तर पांढरा गोंद अजिबात वापरू नका. माझं एक मॉडेल यानंच गेलं. रंग, डेकल्स (वर चिकटवायची चिन्हं) सगळं मनासारखं झालं होतं. दोनेक वर्षांनी नाकाच्या जोडावर केसाएवढी रेघ दिसली. वाटलं, रंग तडकला असेल. काही महिन्यांत तिथे नख शिरायला लागलं. उघडलं तर आत छर्ऱ्यांभोवती पांढरी भुकटी ठासून भरलेली. या गोंदातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, ते शिशाला खातं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून लेड कार्बोनेट तयार होतं आणि ते मूळ शिशापेक्षा जास्त जागा मागतं. बंद नाकात ती जागा मिळणार कुठून? जोड फुटतो. पुट्टी भरून काही उपयोग नाही, आतली क्रिया चालूच राहते. ते नाक मला कापून टाकावं लागलं आणि आजही त्याची हळहळ वाटते.

इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) वापरा. पण एकदम मोठा गोळा ओतू नका; घट्ट होताना तो तापतो आणि पातळ प्लास्टिक वाकू शकतं. दोन थरांत भरा. प्लास्टिकचा सिमेंट इथे कामाचा नाही. तो पॉलिस्टायरीन (किटचं प्लास्टिक) विरघळवून सांधतो, धातूला धरत नाही. सुपरग्लू चालतो, मात्र त्याची वाफ कॅनॉपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) पांढरं धुकं धरते, तेव्हा कॅनॉपी बसवण्याआधी एक दिवस जाऊ द्या. शिसं हाताळल्यावर हात धुवा, घरात लहान मूल असेल तर शिसं आणूच नका. लोखंडी नट घ्या. जागा जास्त लागते, कारण शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम आणि लोखंडाची ७.९, पण कोनात आणि कॉकपिटच्या पुढे मिळून बहुतेकदा मावतं.

भरून झालं की फ्युजलाज बंद करण्याआधी कॉकपिटचा टब (वैमानिकाच्या जागेचा खोका) पुन्हा कोरडा, म्हणजे गोंद न लावता, बसवून बघा. इपॉक्सीचा एखादा ओघळ खाली आलेला असतो, टब मिलिमीटरभर वर राहतो आणि दोन्ही बाजू मिटत नाहीत. तो ओघळ पूर्ण कडक होण्याआधी, रबरासारखा असतानाच ब्लेडनं कापा.