गाडी विकायची की दुरुस्त करायची? आधी बॉनेट उघडा

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका वाचकांनी लांबलचक पत्र लिहिलंय. त्याचा गोषवारा असा. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर पळालेली. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याहून येताना चोर्ला घाटात एका बसच्या मागं रखडत चढताना तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. थांबून, गार करून, बाटल्यांतलं पाणी ओतत कसेबसे जांबोटीला पोचले. तेव्हापासून टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटात पाच-दहा मिनिटं अडकलं की काटा चढतो. गॅरेजवाल्यानं निदान केलं, "हेड गॅस्केट गेलंय बघा. ४८ हजार होतील. नाहीतर काढून टाका." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा खालचा भाग आणि वरचं हेड यांच्यामधलं सील.) एजंट १ लाख १० हजार द्यायला तयार आहे. अशीच चालू गाडी त्यांच्याच गल्लीत सव्वादोन लाखांना गेली. मेहुण्यांचं म्हणणं, नवीच घ्या: ऑन-रोड साडेआठ लाख, सौहार्द सोसायटीतली, म्हणजे सहकारी पतसंस्थेतली, अडीच लाखांची ठेव मोडायची, वर सहा लाखांचं कर्ज. हातात पगार ४२ हजार, घराचा हप्ता साडेअकरा हजार, मुलगी दहावीत. "काय करू ते सांगा."

सध्या यातलं काहीच करू नका. तीन माणसांनी तुम्हाला तीन आकडे सांगितलेत आणि बिघाड नेमका काय आहे हे एकालाही ठाऊक नाही. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून काय तपासलं, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. उलट तुम्हीच जाता जाता एक वाक्य लिहिलंय: "खानापूर रस्त्याला गाडी पळाली की काटा आपोआप खाली येतो." माझ्या मते सगळ्या पत्रातलं सर्वांत महाग वाक्य तेच.

गाडी पळते तेव्हा रेडिएटरला, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीला, वारा समोरून मिळतो. गेटात उभी असताना तो वारा फॅननं द्यायचा असतो. उभं राहिल्यावर तापते आणि पळाल्यावर निवते, म्हणजे पहिला संशय फॅनवर. चोर्ल्यातही तेच झालं असणार; बसच्या मागं दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनवर भार पूर्ण आणि वारा जवळजवळ नाही. रेडिएटर आतून चोंदला असेल किंवा वॉटर पंप दमला असेल, तर चित्र बहुतेक वेळा उलटं दिसतं: मोकळ्या रस्त्यावर, वेगात, चढाला काटा चढतो. गॅस्केट गेलं असेल तरी वेग वाढल्यावर गाडी सहसा शहाण्यासारखी वागत नाही.

माझाही एक मूर्खपणा सांगतो. काही वर्षांपूर्वी वंटमुरी घाटात माझी गाडी अशीच तापली. मी घाबरून, काही न विचारता, एका गॅरेजमध्ये नवा रेडिएटर बसवून घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी निघालं काय, तर रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक होऊन दाब धरत नव्हतं. झाकणाची किंमत एका जेवणाइतकी. लोकांना पैशांचे सल्ले देणाऱ्या माणसानं हे केलं होतं, म्हणून हा परिच्छेद.

त्या झाकणाचं काम बेळगावकरांनी तर समजून घ्यायलाच हवं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, इथं साधं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. थर्मोस्टॅट, म्हणजे तापलेलं पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप, उघडतो ८२ ते ८८च्या आसपास, म्हणजे मधे जागा फार थोडी. ती जागा झाकण वाढवतं. आतला दाब राखून तेच पाणी ११५च्या पुढं उकळू देतं. कूलंटमधलं, म्हणजे पाण्याऐवजी भरायच्या मिश्रणातलं, ग्लायकॉल त्यात आणखी भर घालतं आणि गंजही रोखतं. तुम्ही घाटात बाटल्या ओतल्या, त्याला इलाज नव्हता. पण आता आत पातळ झालेलं मिश्रण आहे आणि नंतर घरी बोअरचं पाणी भरलं असेल तर क्षारही. तेव्हा शेवटी सगळं काढून नवं कूलंट भरायचंच आहे, त्याचे हजार-पंधराशे धरून ठेवा.

आता रविवारची सकाळ. गाडी रात्रभर उभी असायला हवी. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर येतं. गार इंजिनाचं झाकण फडक्यानं धरून काढा, पातळी बघा, रबर चिरलंय का बघा. गाडीखाली जुना पुठ्ठा रात्रीच सरकवून ठेवा, सकाळी हिरवा किंवा लाल डाग पडला असेल तर गळती कुठं आहे ते डागच सांगेल. डाग पट्ट्याच्या बाजूला असला तर वॉटर पंप, पुढं असला तर रेडिएटर किंवा होज. पायाशी गालिचा ओला आणि गोडसर वास असेल तर हीटरची जाळी.

मग झाकण लावून गाडी चालू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात रेडिएटरचा फॅन फिरायला लागतो. तुमचा फिरतोय का? नसेल तर फ्यूज बघा, मग फॅनच्या रिलेच्या (करंट चालू-बंद करणाऱ्या छोट्या डबीच्या) जागी त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, लावून बघा. तरीही गप्प असेल तर इलेक्ट्रिशियनला फॅनला बॅटरीतून थेट करंट द्यायला सांगा. फिरला तर मोटर शाबूत, बिघाड वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली. बोटं आणि बाह्या लांब ठेवा, काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन अचानक फिरतो.

फॅन ठीक निघाला तर काटा मधोमध आल्यावर वरचा आणि खालचा होज हाताच्या पाठीनं, जपून चाचपा. वरचा चटका देतोय आणि खालचा बराच वेळ गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नाही. तो काढून टाकून गाडी चालवायचा सल्ला आपल्याकडं सर्रास मिळतो, तो मानू नका. इंजिन गारच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं.

गॅस्केटची शंका वेगळी फेडायची. रात्रभर गार झालेली गाडी सुरू केल्याबरोबर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा ताठ होतो का? उघड्या तोंडातून, गार असतानाच, सतत बुडबुडे येतात का? ऑइलच्या झाकणाखाली दुधी चहासारखा थर आहे का? इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो का? एकटा दुधी थर पुरावा नाही. थंडीत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत नुसत्या दमटपणानंही तो दिसतो. पक्कं करायचं तर कूलंटच्या तोंडावर निळं रसायन धरून करतात ती चाचणी करून घ्या. रंग पिवळा झाला तर जळालेला वायू पाण्यात येतोय, मग गॅरेजवाला खरा.

आता पैसे. फॅन, रिले, झाकण, थर्मोस्टॅट यांपैकी काही निघालं तर कूलंटसह सगळं पाच-सात हजारांत आटपावं. गॅस्केट निघालं तर ४८ हजारांचं अंदाजपत्रक फोडून मागा: गॅस्केट सेट किती, हेड फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) किती, मजुरी किती, रेडिएटर धरला असेल तर का. हेड मशीन शॉपलाच जाणार आणि उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या गावात मशीन शॉपचा दर विचारायला लाज वाटायचं कारण नाही. हेड वाकलंय की तडकलंय हे उघडल्यावर आधी तुम्हाला दाखवायचं, मगच पुढचं काम, एवढी अट घाला.

समजा पूर्ण ४८ हजार लागले आणि गाडी आणखी तीनच वर्षं चालली. महिन्याला १,३३३ रुपये पडले. सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,६०० आणि नुसतं व्याज १ लाख ५६ हजार. घराच्या हप्त्यासह महिन्याला २४,१०० जाणार, पगाराचे ५७ टक्के. दहावीनंतर मुलीचा खर्च कमी होणार नाही. मेहुणे हप्ता भरणार नाहीत.

विकायचीच असेल तरी दुरुस्त करून विका. सव्वादोन लाखांतून ४८ हजार वजा केले तरी १ लाख ७७ हजार उरतात, एजंटापेक्षा ६७ हजार जास्त. बिलं दाखवून विका, लपवून नको. माझी मर्यादा सांगतो: हेड तडकलेलं निघालं आणि आकडा ८० हजारांपुढं गेला, तर मी गाडी आहे तशी देईन आणि मुलीची परीक्षा होईपर्यंत बसनं फिरेन.

विम्याबद्दल विचारलंत. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत, त्यात वेळ घालवू नका. कोल्हापूरहून एमएच-०९ची जुनी गाडी स्वस्त पडते, असंही लिहिलंत. १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर ना-हरकत दाखला, कर्नाटकचा कर आणि नवा नंबर आला, आणि तिकडचा कर परत मिळवायला हेलपाटे. स्वस्ताई तिथं जिरते.

ठेवीचं मात्र गाडीशिवायही बघायला हवं. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत विमा असतो. सौहार्द सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. गाडीसाठी मोडू नका, पण मुदत संपली की पुन्हा तिथंच आपोआप नूतनीकरण होऊ देऊ नका. दुरुस्तीला बचत खात्यातले पैसे वापरा.

तपासणी होईपर्यंत दुसरं रेल्वे गेट टाळा. अडकलातच तर एसी बंद, खिडक्या खाली, हीटर पूर्ण जोरात. इंजिनाची थोडी उष्णता तिकडून निघते. तरी काटा चढला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि पाण्याची बाटली डिकीतच राहू द्या. सोमवारी फॅन फिरला की नाही ते कळवा.